योग्य वाटेल तेव्हा, योग्य वाटेल तितके

विश्वस्त असताना मी एका मुलाला विमानतळावर नोकरी लावून देणाऱ्या कोर्ससाठी दुसऱ्याचे पैसे दिले, आणि त्याच आठवड्यात त्याच्या चुलतबहिणीला जुन्या गाडीसाठी नाही म्हटलं. त्या मुलाने आजतागायत विमान जवळून पाहिलेलं नाही. मुलीची गाडी मात्र रोज माझ्या हायवेलगतच्या घरावरून जाते आणि नेमका माझ्या दारासमोर हॉर्न वाजवते. हॉर्न रस्त्यात बसणाऱ्या म्हशींसाठी असतो, असं माझी बायको म्हणते. मला तसं वाटत नाही.

महाडच्या कोर्टात मी अडतीस वर्षं वकिली केली. बांधावरचा फणस कोणाचा, सामाईक विहिरीवर पंप कोणी बसवायचा, याच्यापलीकडे माझी कीर्ती कधी गेली नाही. वकिलीचे किस्से सगळेच वकील सांगतात आणि त्यात ते स्वतः कधीच हरत नाहीत. म्हणून मी इथे विश्वस्तपणाबद्दल सांगणार आहे. त्यात मी हरलो, तेही समोर कोणी वकील उभा नसताना.

ट्रस्ट म्हटलं की लोकांना देऊळ, नाहीतर शाळा आठवते. मी म्हणतो तो ट्रस्ट घरगुती असतो. पैसे एकाने ठेवायचे, ते मिळायचे दुसऱ्याला, आणि कपाटाची किल्ली मात्र तिसऱ्याच्या खिशात. तो तिसरा म्हणजे विश्वस्त. ज्याच्यासाठी पैसे ठेवले तो लाभार्थी. आमच्यासारख्या ट्रस्टमधल्या लाभार्थ्याला मागण्याचा हक्क असतो, पण मागितलं की मिळालंच पाहिजे असा नसतो. द्यायचं की नाही, कधी आणि किती, हे विश्वस्ताने स्वतःची अक्कल वापरून ठरवायचं. कायद्याच्या भाषेत याला विवेकाधिकार म्हणतात. विश्वस्ताला अक्कल आहे असं कायदा गृहीत धरतो. कायदा फार भोळा आहे.

हा ट्रस्ट दगडूबाबा उतेकरांचा. पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी त्यांची वाडी. तीस वर्षं त्यांनी महाडच्या इसाकभाईंचे ट्रक चालवले. हायवे रुंद झाला तेव्हा नाक्याजवळची त्यांची जमीन गेली आणि मोबदला आला. थोरला मुलगा शंकर. माणूस वाईट नाही, पण मोबदल्याचा पहिला भाग हातात पडताच त्याने घराच्या चार भिंतींना चार रंग लावले आणि पंचक्रोशीतला सगळ्यात मोठा टीव्ही आणला. वाडी डोंगराच्या कुशीत असल्यामुळे त्यावर काही दिसत नसे. मग शंकरने त्याला फुलांचं कव्हर शिवून घेतलं. ते कव्हर पाहिलं आणि दगडूबाबा उरलेले पैसे घेऊन माझ्याकडे आले.

नातवंडं तीन. शंकरचे दोघे, गणेश आणि नीलेश. आणि धाकटा मुलगा-सून दोघंही गेल्यामुळे आजोबांजवळ वाढलेली सारिका. निधी तिघांचा मिळून एकच, कोणाचा वाटा वेगळा काढायचा नाही, ज्याची जशी गरज तसं द्यायचं, असं त्यांचं म्हणणं. मी मसुदा वाचून दाखवला. "विश्वस्तांना योग्य वाटेल तेव्हा, योग्य वाटेल तितके व योग्य वाटेल त्या कारणासाठी..."

"कारणं लिहू का खाली?" मी विचारलं. "शिक्षण, आजारपण, लग्न, धंदा?"

"लिवा. पन त्याच्यातच अडकू नका. पोरांना फुडं काय लागंल, मला आज काय ठावं?"

मी लिहिलं, 'वरील कारणे केवळ उदाहरणादाखल आहेत.' हे वाक्य माझ्याच अक्षरात होतं, हे ध्यानात ठेवा. मी ठेवलं नाही.

"आन् ते 'योग्य' म्हंजे काय ओ, वकीलसाहेब?"

"ते मी ठरवायचं."

दगडूबाबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "मंग संगतीला इसाकशेटचं पन नाव घाला."

अशा रीतीने आम्ही दोघं विश्वस्त झालो. दोघांच्या सह्यांशिवाय पैसा हलायचा नाही. पुढच्याच वर्षी दगडूबाबा गेले आणि किल्ली खरोखरच आमच्या हातात आली.

अधिकाराची चव कशी असते ते मला साठीनंतर कळलं. कोर्टात मी आयुष्यभर 'मे. कोर्टास विनंती की' असं लिहीत आलो. आता लोक माझ्यापुढे विनंती घेऊन यायला लागले. मी चष्मा कपाळावर चढवायचो, छताकडे बघायचो आणि म्हणायचो, "बघू." या एका शब्दात काय मजा आहे ते तो म्हणणाऱ्यालाच कळतं. ऐकणाऱ्याला फक्त एसटीचं परतीचं भाडं कळतं.

शंकर पहिल्या खेपेला पोत्यात घालून फणस घेऊन आला. बायकोने तो आनंदाने आत घेतला. त्याच वेळी इसाकभाई ओसरीवर बसले होते. "फणस ठेवून घेतलास, वकील. आता तो कापा निघाला तर हो म्हणणार आन् बरका निघाला तर नाय?"

मी म्हटलं, असल्या गोष्टींचा माझ्या निर्णयावर परिणाम होत नाही. फणस कापा निघाला, चांगल्या कडक गऱ्यांचा. आणि शंकरच्या थोरल्याला, गणेशला, मी मोटारसायकल मंजूर केली.

तसं कारण चांगलं होतं. गणेशला एमआयडीसीत नोकरी लागली होती आणि पहिल्या शिफ्टला पोचायला त्याला वाहन हवं होतं. मी पाच मिनिटांत हो म्हटलं, कारण तो पाया पडला. लायसन आहे का, हे विचारायचं राहिलं. तिसऱ्या रविवारी आंबेनळीतल्या एका वळणावर गणेश रस्त्यावर राहिला आणि मोटारसायकल खाली दरीत गेली. पोराचा पाय मोडला, तेवढ्यावर निभावलं. माझी मात्र झोप उडाली. म्हाताऱ्याच्या नातवाला मी माझ्या सहीने घाटात पाठवला होता.

भ्यालेला वकील काय करतो? टाइप करून घेतो. मी नऊ कलमांची नियमावली केली. अर्ज तीन प्रतींत असावा. शिक्षणासाठी संस्थेचं शिक्क्याचं पत्र जोडावं. चौथा नियम ठळक अक्षरात होता: 'कोणत्याही वाहनासाठी निधी मिळणार नाही.' सहावा: 'लग्नासाठी लग्नपत्रिका जोडावी.' मग मी ती नियमावली काचेच्या फ्रेममध्ये बसवून माझ्या खुर्चीच्या वर लावली. आता नाही म्हणायला मी लागतच नव्हतो. मी नुसतं बोट वर करायचो.

इसाकभाईंनी फ्रेम खालून वर वाचली. "दगडूनं तुला ठेवला रे, वकील. छापखाना नाय ठेवला."

"शिस्त लागते, इसाकभाई."

"कोनाला? पोरांना का तुला?"

या प्रश्नाला मी चहा मागवून उत्तर दिलं.

मग तो आठवडा आला. मंगळवारी नीलेश आला, शंकरचा धाकटा. गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक, त्यावर निळं आकाश आणि टाय लावलेली गोरी मुलं. मुंबईतली संस्था, सहा महिन्यांचा कोर्स, नोकरीची हमी. अर्ज तीन प्रतींत, प्रत्येकीला वेगळ्या रंगाची टाचणी. शिक्क्याचं पत्र तर होतंच, वर आणखी एक सोनेरी शिक्का होता. माझ्या नियमावलीचा असा सत्कार याआधी कोणी केला नव्हता. मी त्या संस्थेला एक फोनसुद्धा केला नाही. शिक्का असल्यावर फोन कशाला? इसाकभाईंनी विचारलं, "तू बघून आलास?" मी म्हटलं, "कागद पूर्ण आहेत." त्यांनी खांदे उडवून सही केली. निधीचा चांगला लचका त्या निळ्या आकाशात उडून गेला.

शुक्रवारी सारिका आली. एमआयडीसीतल्या एका औषधाच्या कंपनीत ती ठेकेदाराकडे पॅकिंगला होती. पहिली शिफ्ट संपवून तशीच आली होती. डोक्यावर जाळीच्या टोपीचा वळ, हातात वहीचं एक पान. मला आधी ते पानच दिसलं. एकच प्रत, तीही समासाकडून फाटलेली.

"साहेब, व्हॅन घ्यायची आहे. जुनी."

मी बोट वर केलं.

तिने मान वर करून चौथा नियम वाचला. "पण ऐकून तर घ्या. आमच्या खोऱ्यातल्या आठ बायका पॅकिंगला आहेत. आता ठेकेदार म्हणतो, सगळ्यांनी पाळीपाळीनं दुसरी शिफ्ट करायची. ती रात्री सुटते. कंपनीची बस पोलादपूर नाक्यावर सोडते. तिथून वाडीपर्यंत चार किलोमीटर चढ. बायकांनी चालत जायचं? घरचे म्हणतात, सोडा नोकरी. मी व्हॅन घेतली तर सगळ्यांची नोकरी राहील. भाडं सगळ्या जणी वाटून देणार आहेत, बोलून झालंय."

"चालवणार कोण?"

"मी. लायसन आहे. पगारातून क्लास केला."

खरं तर इथे मी लायसन बघायला मागायचं. गणेशच्या वेळी चुकलं होतं ते हेच. पण एकदा भ्यालेल्या माणसाला ज्या गोष्टीने घात केला ती आठवत नाही, त्याला फक्त मोटारसायकल आठवते.

"नियम आहे, बाळ."

"नियम कोणी केला?"

"मी."

"मग बदला."

"असा बदलता येत नाही. तो नियम आहे."

तिने खालचे नियमही वाचले. "सहावा लग्नाचा आहे. म्हणजे मी नवरा केला तर पैसे मिळतील, गाडी केली तर नाही."

"लग्न हे मान्य कारण आहे," मी म्हटलं. आज हे वाक्य लिहिताना माझे कान गरम होतात.

तिने ते पान माझ्या टेबलावर ठेवलं आणि गेली. मी ते फायलीत लावायला पंच शोधला, आणि पंच सापडला नाही म्हणून ड्रॉवरमध्ये टाकलं.

पुढे दोन महिन्यांनी पोलादपूरहून येताना मी हायवेवरच्या एका हॉटेलात चहाला थांबलो. गडद निळा ब्लेझर, लाल टाय आणि छातीवर सोनेरी पंखांचा बिल्ला लावलेला वेटर समोर आला. "वेलकम सर," असं म्हणून त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. नीलेश होता.

"अरे, तुझा कोर्स?"

"संस्थेला टाळं लागलं साहेब. पाचव्या आठवड्यातच. मालकाचा फोन बंद." त्याने मिसळीची प्लेट शेजारच्या टेबलावर ठेवली. "ब्लेझर तेवढा मिळाला. घरी सांगितलं नाय. म्हटलं वाया कशाला घालवायचा, हितं तरी घालतो. मालकाला आवडला. पाहुणे जरा दबून राहतात."

"मला सांगायचंस ना!"

"तुमच्या नियमात तसं कलम नव्हतं," तो म्हणाला. टोमणा नव्हता. पोरगं खरंच मनापासून बोलत होतं, म्हणून जास्त लागलं. त्याने चहाचे पैसे घेतले नाहीत. मी ते टेबलावर ठेवून, कोर्टात केस हरल्यावर बाहेर पडायचो तसा मागच्या दाराने बाहेर पडलो.

तरीही मी फ्रेम काढली नाही. सोनेरी शिक्क्याने फसवलं म्हणून मी दहावं कलम घालायचा विचार करत होतो. ते घालण्याआधी शंकर आला. या खेपेला फणस नव्हता. त्याने पिशवीतून लग्नपत्रिकेचा छापखान्यातून आणलेला नमुना काढला आणि माझ्यापुढे ठेवला. गणपती, कलश, केळीचे खुंट, सगळं जागच्या जागी. 'चि. सौ. कां. सारिका' ठसठशीत. खाली 'चि.' आणि त्याच्यापुढे मोकळी जागा.

"शंकरराव, नवऱ्या मुलाचं नाव?"

"ते ठरायचं हाय."

"म्हणजे?"

"दोन स्थळं हायत, मुंबईची. एक भांडुपचं, एक विरारचं. याच म्हयन्यात कोनतं तरी नक्की होईल. पन तुमच्या नियमात पत्रिका आधी लागते ना! म्हनून छापखानेवाल्याला म्हटलं, जागा सोड."

मी अडतीस वर्षांत कोर्टापुढे नाना तऱ्हेचे कागद ठेवले. नवरा नसलेली पत्रिका त्यात नव्हती. आणि गंमत अशी की माझ्या सहाव्या नियमात ती चोख बसत होती. 'लग्नपत्रिका जोडावी.' जोडलेली होती. नवरा जोडावा असं मी कुठे म्हटलं होतं?

"सारिकाला विचारलंत?"

शंकरचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. "साहेब, पोरीला बाप नाय. उद्या काय झालं तर लोक मला बोलनार. पैसा हाय तोवर उजवून टाकतो. नंतर तुमचा ट्रस्ट रिकामा झाला तर मी कुठून आनू?"

त्याचंही खोटं नव्हतं. नीलेशचं निळं आकाश आणि गणेशची दरी गेल्यावर निधी एवढाच उरला होता की लग्न होईल किंवा व्हॅन येईल. दोन्ही व्हायचं नव्हतं.

मी ती पत्रिका घेऊन इसाकभाईंच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात गेलो. त्यांनी ती वाचली, मोकळ्या जागेवर बोट ठेवलं आणि असे हसले की समोरचा चहा बशीत आला. "हितं माझं नाव टाक वकील, माझी बायको तुला शोधत येईल." मग डोळे पुसून गंभीर झाले. "पोर काय म्हनते?"

मी वहीच्या पानाबद्दल सांगितलं. दोन महिन्यांत मी त्यांना ते दाखवलंही नव्हतं. आम्ही दोघं विश्वस्त होतो. दोघांनी मिळून ठरवायचं असतं. नाही म्हणतानासुद्धा.

इसाकभाईंनी पत्रिका मला परत दिली. त्यांनी खुंटीवरची जीपची किल्ली काढली. "चल."

वाडीत शंकरच्या पडवीत आम्ही बसलो. समोर फुलांच्या कव्हरातला टीव्ही. सारिका कामावरून आली होती. तिच्यामागून यशोदाकाकू आल्या, पॅकिंगमधली सगळ्यात जुनी बाई. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं आणि त्यांना जा म्हणायची कोणाची छाती नव्हती.

"लग्न करायचं नाय का तुला, सारिका?" इसाकभाईंनी विचारलं.

"करेन ना, चाचा. पण माझ्या कमाईनं करेन. आता गाडी नाही आली तर पुढच्या महिन्यात आमचं काम जातं. सुनंदावहिनीचं गेलंच."

"सुनंदा कोण?" मी विचारलं.

"आमच्यातलीच एक," यशोदाकाकू म्हणाल्या. "पोर लहान हाय तिची. दुसरी शिफ्ट लागली, सासऱ्यानं सोडायला लावली. आमी बाकीच्या नाक्यावरून चालत येतो. पाऊन तास. बॅटरी एक आन् बायका सात."

मी चष्मा कपाळावर चढवला. छताकडे बघायला गेलो तर तिथे नुसती कौलं.

इसाकभाई उठले आणि जीपची किल्ली सारिकेच्या ओंजळीत टाकली. "चल गो. घाट दाखव आम्हाला. मी चाळीस वर्षं मानसं ठेवली, अर्ज बघून एक पन नाय ठेवला."

शंकर म्हणाला, "शेट, घाटात? गनेशचं माहीत हाय ना तुम्हाला?"

"माहीत हाय म्हनूनच."

इसाकभाई पुढे बसले, मी मागे. आंबेनळीचा घाट ज्यांनी पाहिला नसेल त्यांना एवढंच सांगतो की एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला आपल्या आयुष्याचा हिशोब असतो. मी उजवीकडे बसलो होतो, चढताना दरीच्या बाजूला. मग डावीकडे सरकलो, तर वळणानंतर दरी डावीकडे आली. शेवटी मी मधोमध बसून दोन्ही हातांनी दोन सीट धरल्या आणि जी स्तोत्रं पाठ होती असं मला वाटत होतं त्यांच्या पहिल्या ओळी म्हणायला लागलो. दुसरी ओळ एकाचीही आठवली नाही.

"साहेब, बरं वाटत नाही का?" सारिकेने आरशातून विचारलं.

"रस्त्याकडे बघ!" मी ओरडलो. वर जाईपर्यंत मी केलेलं विश्वस्त म्हणून एवढंच काम.

अर्ध्या घाटात तिने गाडी वळवली आणि आम्ही उतरायला लागलो. एका अरुंद वळणाच्या बरंच अलीकडे तिने गाडी डोंगराच्या अंगाला घेतली आणि उभी केली. मला वाटलं, बंद पडली. समोर काहीच नव्हतं. मग खालून घरघर ऐकू आली आणि भरलेली एसटी कण्हत वर आली. ड्रायव्हरने सारिकेकडे बघून हात वर केला आणि पुढे गेला.

घाटातला हा जुना रिवाज. चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने वाट द्यायची, कारण चढणारी एकदा थांबली की पुन्हा उचलायला तिचा जीव जातो. तो सगळ्यांना माहीत असतो. पण एसटी दिसायच्या आधी, नुसत्या आवाजावर थांबणारे थोडे.

इसाकभाईंनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते. "हात दगडूचा हाय," एवढंच म्हणाले.

खाली आल्यावर मी माझा विवेकाधिकार वापरायचं ठरवलं. म्हटलं, "मंजूर. पण काही अटी घालाव्या लागतील. एक, गाडीचा वेग..."

"वकील," इसाकभाई म्हणाले, "तू खाली उतर, जरा पानी पी."

मी पाणी प्यायलो. अटी राहून गेल्या. इसाकभाईंच्या मेकॅनिकने तीन व्हॅन नापास करून चौथी पास केली, पेणला आरटीओत कागद झाले, आणि पैसे आम्ही थेट गाडी विकणाऱ्याला दिले. शंकर सहीच्या दिवशी आला होता. रागावला नव्हता, पण पत्रिकेचा नमुना परत मागितला. छापखान्यात आगाऊ पैसे दिले होते. तीन वर्षांनी तो नमुना कामाला आला. मोकळ्या जागेत सावित्री नदीकाठच्या एका शाळामास्तराचं नाव आलं, ते सारिकेने स्वतः सांगितलं.

नीलेशच्या कोर्सचे पैसे इसाकभाईंनी आणि मी अर्धे अर्धे, हप्त्याहप्त्याने ट्रस्टमध्ये परत भरले. कायद्याने तसं कोणी मागितलं नव्हतं. इसाकभाई म्हणाले, "सही माझी पन होती." नीलेश आज त्या हॉटेलचा मॅनेजर आहे. ब्लेझर आता पोटावर लागत नाही, बिल्ला मात्र लावतो.

फ्रेम मी घाटातून परतलो त्याच संध्याकाळी उतरवली. खाली भिंतीवर पांढरा चौकोन राहिला. मग मी ट्रस्टच्या न्यासपत्राची फाईल काढली आणि माझ्याच अक्षरातलं ते वाक्य वाचलं. 'वरील कारणे केवळ उदाहरणादाखल आहेत.' म्हाताऱ्याने मला अडकू नका म्हणून सांगितलं होतं, मी ते लिहून दिलं होतं, आणि मग स्वतःभोवती नऊ कलमांचं कुंपण घालून आत बसलो होतो. विश्वस्ताने ठरवायचं असतं म्हणजे दर वेळेला, दर माणसाला नव्याने बघायचं असतं. ते त्रासाचं काम आहे. चुकायची भीती असते. त्या भीतीपोटी मी ते काम एका काचेला देऊन टाकलं होतं.

सुनंदाचं मात्र जमलं नाही. व्हॅन आल्यावर सारिका तिच्या घरी जाऊन आली, मीही एकदा गेलो. ठेकेदाराने तिच्या जागी दुसरी घेतली होती. सासरा म्हणाला, "आता ऱ्हाऊ दे, साहेब." सुनंदा चहा ठेवून पोराकडे आत गेली. ते पान माझ्या ड्रॉवरमध्ये दोन महिने पडलं होतं. लवकर बाहेर आलं असतं तर तिची नोकरी राहिली असती. ट्रस्टच्या कोणत्याही कागदावर तिचं नाव नाही, लाभार्थी म्हणूनही नाही. माझ्या डोक्यात आहे.

गेल्या महिन्यात मी ट्रस्टच्या उरल्यासुरल्या कामासाठी पोलादपूरला गेलो होतो. सगळ्यात धाकट्या नातवंडाला तीस पूर्ण झाली की ट्रस्ट संपवायचा, असं दगडूबाबांनी लिहून ठेवलं आहे, आणि ते वर्ष जवळ आलं आहे. शंकरकडे वाडीवर निघालो तर नाक्यावरच स्कूटर बंद पडली. भर तीनचं ऊन. पहिली शिफ्ट सुटून व्हॅन येताना दिसली. मी हात केला. सारिकेने काच खाली केली.

"वाडीवर सोडतेस का?"

तिने दारावर चिकटवलेल्या कागदाकडे बोट केलं. 'फक्त कंपनीच्या महिलांसाठी.'

"नियम आहे, साहेब."

"नियम कोणी केला?"

"मी."

"मग बदल."

"असा बदलता येत नाही. तो नियम आहे." असं म्हणून ती इतकी हसली की तिला स्टिअरिंगवर डोकं टेकावं लागलं. मागच्या बायकांना काही कळेना. मी उन्हात उभा राहून जमेल तेवढ्या रुबाबात घाम पुसत होतो.

"कोन हाय गो तो?" आतून आवाज आला. यशोदाकाकूंनी खिडकीतून डोकं काढलं, मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "आगो, हा आपला वकील! ज्याच्यापायी दोन म्हयने चालत आलो. घे त्याला, घे. बसव पाठी स्टेपनीच्या बाजूला. ती तरी येळंला कामाला येते."